‘ईएसपी३२ असताना हा खर्च कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ईएसपी३२ या वाय-फायवाल्या चिपला २४० मेगाहर्ट्झचे दोन कोर आणि ५२० केबी रॅम असताना, जळगावच्या डाळ मिलमधल्या एलिव्हेटरच्या (धान्य वर चढवणाऱ्या यंत्राच्या) बेअरिंगचा बिघाड कंपनावरून ओळखायला मी ६४ मेगाहर्ट्झची, वर महागडी एनआरएफ५२८४० चिप सुचवली, नवख्यांची ही दिशाभूल आहे. आकडे तुमचे बरोबर आहेत, पण या कामात ते आडवे येतच नाहीत.

निरोगी कंपन शिकून, वेगळं काही दिसलं की बिघाड म्हणणारं हे मॉडेल केवढं आहे ते बघा. एफएफटीचे (कंपनाची वारंवारतांत फोड करणाऱ्या गणिताचे) ६४ पट्टे आत, मग १६, ४, १६ न्यूरॉनचे थर आणि पुन्हा ६४ बाहेर. वजनं (मॉडेलने शिकलेले आकडे) २,१७६, म्हणजे आठ बिटांत जेमतेम सव्वादोन केबी. टेन्सरफ्लो लाइट मायक्रो (छोट्या चिपवर मॉडेल चालवणारी लायब्ररी) धरूनही एनआरएफची २५६ केबी रॅम उरून पुरते. वेगाचंही तेच. एडीएक्सएल३४५ हा कंपन मोजणारा सेन्सर सेकंदाला ३,२०० नमुने देतो, तर एका विंडोच्या १,०२४ नमुन्यांना ०.३२ सेकंद लागणारच. चिप कितीही पळाली तरी मोटर काही तिच्यासाठी लवकर फिरत नाही.

घोळ होतो तो नमुने घेताना. या सेन्सरच्या फिफोत (नमुने वाचले जाईपर्यंत ठेवणाऱ्या रांगेत) ३२ नमुने मावतात. या वेगाला ती १० मिलिसेकंदांत भरते. तेवढ्यात ईएसपी३२वरचा प्रोग्रॅम वाय-फायच्या कामात अडकला की नमुने गळाले. गळक्या विंडोचा एफएफटी काढला की ऊर्जा भलत्याच पट्ट्यांत पसरते आणि धडधाकट बेअरिंगवर अलार्म वाजतो. असं दोनदा झालं की मिस्त्री डबीच काढून ठेवतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही. दुसरा कोर फक्त सेन्सरला बांधून हे टाळता येतं, मान्य. पण तो खटाटोप नवख्याने करायचा का?

दुसरी गोष्ट बॅटरी. एलिव्हेटरच्या डोक्यावर, चुनी-भुशाच्या धुळीत प्लग पॉइंट कोण काढून देणार? रेडिओ बंद ठेवूनही ईएसपी३२ पूर्ण वेगात ३० ते ६८ मिलिअँपिअर खाते; एनआरएफ तिचा डीसी-डीसी (आतला वीज वाचवणारा रेग्युलेटर) चालू असताना साडेतीनच्या आसपास. त्यात आपल्याकडचा मे. लिथियम-आयन सेल सहसा ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि पत्र्याखाली तेवढं तापमान सकाळीच होतं. म्हणून मी तिथे चार्जिंगच ठेवलं नाही, साधे बदलायचे सेल.

मेहनत घ्यायची तर डेटावर घ्या. एलिव्हेटर रिकामा, अर्धा भरलेला, तूर चालू, हरभरा चालू, अशा सगळ्या पाळ्यांचं निरोगी कंपन शिकवलं नाही, तर माल बदलला तरी मॉडेल बिघाड म्हणेल. तिथे कुठलीच चिप वाचवत नाही.

खाली पॅनेलजवळ वीज आणि वाय-फाय दोन्ही असतील तर मीही ईएसपी३२च लावीन. तुमच्याकडे बोर्ड आहेच, तर वाय-फाय चालू ठेवून एडीएक्सएलचा ओव्हररन बिट (नमुने गळाल्याची खूण) तासाभरात किती वेळा चढतो ते मोजा आणि आकडा इथेच टाका.