करंगळीवरची रेघ

परवा कोल्हापूरजवळच्या शियेच्या रानात आमच्या उसाला तोड लागली. टोळी बीडची. पाचटावर एक दीड वर्षाचं पोरगं खेळत होतं, त्याच्या डाव्या करंगळीवर काळ्या मार्करची रेघ. म्हणजे पोलिओचे थेंब मिळालेले! आशाताई चिखल तुडवत फडापर्यंत आलेल्या. भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला तो ह्या पायपिटीवर.

आणि त्याच पोराची आई मोटारीच्या हौदातलं पाणी घागरीत भरत होती. प्यायला. ते पाणी थेट प्रदूषित पंचगंगा नदीतनं येतं.

जगभरच्या आरोग्यवाल्यांचं जुनं भांडण हेच. १९७८ ला सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात जागतिक आरोग्य परिषद झाली, तिथं ठरलं, २००० पर्यंत सगळ्यांना आरोग्य. दवाखाना, पाणी, संडास, पोटभर अन्न, सगळं एकत्र. वर्षभरात दुसरा गट म्हणाला, एवढा पैसा कुठनं आणायचा? निवडक तेवढं करा. पुढं युनिसेफनं चार गोष्टी धरल्या: लस, जलसंजीवनी, आईचं दूध, वजन मोजणं. त्यानं पोरं वाचली, हे मी नाकारत नाही. देवी तर अशाच एकमार्गी मोहिमेनं गेली.

पण मोहीम वहीत रकाना असेल तेवढंच बघते. आशाताईंना विचारलं, "ह्या बायकांच्या पाण्याचं काय?" "दादा, पोलिओ झाला, आता कुष्ठरोगाचा सर्व्हे, मग टीबीचा. कामागणिक मोबदला हाय. पाण्याचं कोन इचारतंय वो?"

२०१९ च्या सरकारी पाहणीत बीडच्या ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, मग पाळीचा त्रास परवडतो कुणाला? ह्याच्यावर कुठली लस देणार?

जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे ह्या जोडप्यानं १९७० पासून गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं, आणि औषधाबरोबर पाणी, अन्न बघितलं. म्हणून मी अल्मा-आटावाल्यांच्या बाजूचा. मोहिमा चालू देत, पण त्यांच्या नावाखाली बाकीचं गुंडाळून ठेवू नका.

आता मुद्द्याचं. ऊस माझा हाय. कारखाना, मुकादम, सरकार सगळ्यांना शिव्या घालून झाल्या, पण फडाच्या कडेला एक आडोसा मीसुद्धा उभा केला नव्हता. पोस्ट लिहायच्या आधी दोन दिवस गावातल्या नळाचं पाणी बॅरलनं नेऊन दिलं. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर उसाच्या खेपेला गेला, आणि ती बाई घागर घेऊन परत हौदावर.