आहेर क्रमांक ४७

गेल्या रविवारी एका मंगल कार्यालयाच्या दारात, माझ्या तीन आठवड्यांच्या कामावर एका गृहस्थांनी स्टेपलर मारला. त्या गोष्टीला आता पाच दिवस झाले, ‘सोडून दे’ असे सांगून घरातली माणसे दमली, आणि मीही सोडून दिल्यासारखे दाखवते. परंतु रात्री दिवा मालवला की तो ‘खट्’ असा आवाज अजून कानाशी येतो.

लग्न मावसभावाच्या मुलीचे होते. पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ असे सोनेरी अक्षरांत छापले होते. हे वाचून शहाण्या माणसाने पाचशेची एक नोट आणि रुपयाचे एक नाणे पाकिटात घालून ठेवायचे असते, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी तरी कळायला हवे होते. मी छापील शब्दावर विश्वास ठेवला आणि हाताने शुभेच्छापत्र करायला बसले.

शुभेच्छापत्र करणे म्हणजे कागद मधोमध दुमडून वर टिकल्या चिकटवणे, असा पुष्कळांचा समज असतो, त्यामुळे स्टेपलर नेमका कशावर बसला हे सांगणे भाग आहे. पहिल्यांदा माझ्या मनात वारली चित्र होते. गेरूची लाल भुई आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ ही जोडी कधी फसत नाही, आणि टोकाला टोक भिडवून दोन त्रिकोण काढता आले की माणूस उभा राहतो. पण वारल्यांच्या घरी लग्नात सवाष्णी भिंतीवर जो चौक काढतात त्यात पालघट देवी बसलेली असते. तो लग्नविधीचाच भाग आहे. असला देवाचा चौक उचलून मी जाड कागदावर शोभेला लावावा, हे काही मनाला पटेना. मग एका दुपारी भांडी विसळताना अंतरपाट सुचला. पान उघडले की डावीकडे नवरी, उजवीकडे नवरा, दोघांच्या हातांत हार, मध्ये पातळ मलमलीचा अंतरपाट. खाली एक अरुंद पट्टी, तिच्यावर बाण आणि ‘ओढा’ असा शब्द. पट्टी खाली ओढली की अंतरपाट फटीतून खाली सरकतो आणि ती दोघे एकमेकांना दिसतात. अशा पट्टीच्या मागच्या टोकाला आडवा अडसर चिकटवावा लागतो, नाहीतर ती हातात येते. माझा अडसर भक्कम होता. हे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे.

घडी मी दाराच्या झडपांसारखी, दोन्हीकडून उघडणारी निवडली. ए-फोर आकाराचा कागद २९७ मिलिमीटर लांब असतो, तेव्हा मधले पान १४८ आणि दोन्ही झडपा ७४ असा सोपा हिशेब समोर येतो, आणि तो फसवा आहे. झडपा एकेक मिलिमीटर कमी कापल्या नाहीत, तर त्या मधोमध एकमेकींच्या अंगावर चढतात आणि दार कायमचे किलकिले राहते. शिवाय कागदालाही कापडासारखा धागा असतो. एखादा तुकडा उभा आणि आडवा फाडून पाहावा. ज्या दिशेने तो सरळ फाटत जातो ती धाग्याची दिशा. घडी त्या दिशेने घातली तर मुकाट्याने बसते. आडवी घातली तर तीनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, जाड कागद घडीवर तडकतो आणि रंगाखालचे पांढरे दिसू लागते. घडी घालण्यापूर्वी शाई संपलेले बॉलपेन आणि स्टीलची पट्टी घेऊन खाच ओढायची असते, आणि त्या खाचेमुळे मागच्या बाजूला जो बारीक उंचवटा येतो तो घडीच्या आत ठेवायचा असतो. हे ऐकायला उलटे वाटते. मलाही वाटले होते, आणि त्या वाटण्यात दोन कागद गेले.

झडपांवर बाहेरून हातकागद चढवला. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तिथे झाड न तोडता सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करतात. साच्यातून उचललेल्या त्या तावाच्या कडा किंचित झिरमिळ्यांसारख्या असतात, आणि जाणकार त्या तशाच ठेवतात. वरच्या बाजूला मुंडावळ्या केल्या, त्या क्विलिंगच्या. तीन मिलिमीटर रुंदीची कागदी पट्टी टोकाला चीर दिलेल्या दातकोरणीत अडकवून घट्ट गुंडाळायची, शेवट चिकटवायचा, की एक मोती होतो. असे एकशे दहा मोती झाले. डिंक दातकोरणीच्याच टोकाने, मोहरीएवढा लावायचा, कारण पांढऱ्या डिंकातले पाणी कागद पितो आणि वाळताना पापडासारखा वाकतो. तरीही थोडा वाकलाच. त्याला दोन रात्री गव्हाच्या पिठाच्या डब्याखाली झोपवावे लागले. हा सगळा संसार आत घेऊन ते पत्र बोटाच्या पेराएवढे जाड झाले आणि बाजारातल्या कुठल्याच पाकिटात शिरेना, तेव्हा चारी बाजूंनी पाच मिलिमीटर मोकळीक ठेवून, बाजूंना पट्ट्या जोडून मी स्वतंत्र पाकीट शिवले. चुकले ते इथेच. खोके केले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

कार्यालयाच्या दारात, गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलींच्या पलीकडे, टेबल मांडलेले होते. टेबलामागे क्रीम रंगाच्या झब्ब्यात एक काका बसले होते. ते मुलीकडचे की मुलाकडचे, हे मला अजूनही सांगता येणार नाही, परंतु ते बँकेतून निवृत्त झालेले होते हे सांगायला कुणाची गरज नव्हती. उजव्या अंगठ्याला नोटा मोजायची रबरी टोपी होती. डाव्या हाताला वाटीत भिजवलेला स्पंज, समोर निळे आणि लाल अशी दोन पेने, स्टेपलर, आणि लांबट वही, जिच्यात पट्टीने रकाने आखलेले होते : क्रमांक, नाव, गाव, रोख, वस्तू, शेरा.

“किती?” काकांनी मान वर न करता विचारले.

“किती असं नाही, शुभेच्छापत्र आहे.”

“ते कळलं. आत किती?”

“आत अंतरपाट आहे.”

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “अंतरपाट वर स्टेजवर आहे, ताई. तो गुरुजींकडे असतो.”

त्यांनी पाकीट ट्यूबलाइटसमोर धरले, संशयित नोट धरतात तसे. मग कानाशी नेऊन हलवले. आत एक मोती सुटला असावा, कारण बारीक खडखड ऐकू आली आणि काकांचा चेहरा उजळला. “नाणं आहे,” ते म्हणाले, “म्हणजे नोट पण असणार.” मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत त्यांनी पत्र बाहेर काढून झडपा उघडल्या होत्या. मला वाटले, आता निदान ते बघतील. त्यांनी बघितलेही. कडेवरून बोट फिरवून म्हणाले, “उंदरानं कुरतडलंय वाटतं.”

“नाही, तो हातकागद आहे, त्याच्या कडा तशाच असतात.”

“हो का. दुकानात बदलून देतात हो, सांगितलं तर.” आणि मग ‘ओढा’ असे स्पष्ट लिहिलेल्या पट्टीला चिमटीत धरून त्यांनी ती वर ओढली. वर. अडसर खालच्या दिशेसाठी होता. वरून असे कुणी ओढेल, ही कल्पनाच मी केली नव्हती. पट्टी, अंतरपाट आणि नवऱ्याचा उजवा हात काकांच्या हातात आला. “हे निघालं,” असे सांगून त्यांनी तिन्ही वस्तू अतिशय सचोटीने पाकिटात परत घातल्या.

“काका, वस्तूच्या रकान्यात लिहा ना.”

“वस्तू म्हणजे जिला खोकं असतं ती. मिक्सर, घड्याळ, लेमन सेट. हे पाकीट आहे. पाकीट रोखमध्ये जातं.”

“मग रोखमध्ये शून्य लिहा.”

यावर त्यांनी पेन खाली ठेवले. “शून्य लिहिता येत नाही, ताई. उद्या वही वाचणाऱ्याला काय वाटेल? माणूस आला, जेवला आणि हात हलवत गेला. तुमच्या माहेरचं नाव आहे इथे. आणि रकाना मोकळा सोडला तर बेरीज मारताना अडकायला होतं.”

“पण पत्रिकेवर छापलंय, आहेर आणू नये म्हणून!”

“ते छापायचं असतं,” काका म्हणाले. “‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ असंही छापलंय. म्हणून ते दीड वर्षाचं पोर तुमची वाट बघत बसलंय का?”

“मग हे टेबल कशाला?”

“टेबल न ऐकणाऱ्यांसाठी असतं.”

एव्हाना माझ्यामागे दहाबारा न ऐकणारे जमले होते आणि एका बाईंच्या लेमन सेटचा कोपरा माझ्या पाठीत रुतत होता. “पाचशे एक टाका आणि मोकळ्या व्हा,” असा सल्लाही मागून आला. पर्समध्ये पैसे नव्हते असे नाही; पण तेव्हा पैसे काढणे म्हणजे एकशे दहा मोत्यांची मी स्वतःच दिलेली फारकत झाली असती, आणि तेवढा ताठा माझ्यात होता. काकांनी सुस्कारा टाकला, वहीवर डावा हात आडवा धरून माझ्या नावासमोर काहीतरी लिहिले, ४७ असा आकडा टाकलेली चिठ्ठी घेतली, ती पत्राच्या दर्शनी भागावर, बरोबर मुंडावळ्यांवर ठेवली आणि खट्.

“सुटू नये म्हणून,” ते म्हणाले.

मग मात्र त्यांचा आवाज मऊ झाला. “स्वतः केलंत? घरी? वा. वेळ असतो म्हणजे. आमच्या नातवाची मुंज आहे पुढच्या महिन्यात, पंचवीस करून द्याल का असली? साहित्याचं काय होईल ते सांगा. तुम्हाला हौस आहे.”

खरे सांगायचे तर स्टेपलरपेक्षा हा शब्द मला जास्त बोचला. त्याच कार्यालयात मेंदी काढणाऱ्या मुलीने हाताप्रमाणे पैसे घेतले होते, फुलांच्या कमानीचे घेतले होते, विडे लावणाऱ्यानेही घेतले होते, आणि ते घ्यायलाच हवेत. त्यांतल्या कुणाला हौस आहे असे कुणी म्हणाले नाही. मला मात्र सोसायटीच्या महिला दिनाला साठ पत्रे करताना हौस होती, भाच्याच्या साहेबांच्या निरोप समारंभाला रात्री दीडपर्यंत जागताना हौस होती, आणि ‘साहित्याचे पैसे देऊ हं’ असे म्हणणारे पुढच्या वेळी भेटले की नवीन काम सांगतात, तेव्हाही ती असते असे गृहीत धरले जाते. ‘तुला काय, दहा मिनिटांचं काम’ असे म्हणणाऱ्यांना एकदा समोर बसवून तीन मिलिमीटरच्या पट्ट्या वळायला लावाव्यात, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

अर्थात या बाबतीत जगाची सुरुवातच वाकडी झाली आहे. नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी काढून घेतले, ते प्रेमाने नव्हे, तर इतक्या लोकांच्या पत्रांना हाताने उत्तरे लिहायला त्यांना सवड नव्हती म्हणून. जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराने चित्र काढले, हजारभर प्रती छापल्या, आणि उरलेल्या प्रती एका शिलिंगला एक अशा विकायला ठेवल्या. या साऱ्या प्रकारात मला लागते ती एकच गोष्ट : त्या छापील चित्रांत रंग हातांनी भरले होते. हेन्री कोल यांचे नाव पावणेदोनशे वर्षे उरले आहे. रंग भरणाऱ्यांना बहुधा हौस असावी.

मीही काही साधी नाही. नवरी पत्र उघडेल, ‘आत्या, हे तू केलंस?’ असे म्हणेल, आणि मग मी ‘छे गं, बसल्या बसल्या केलं’ असे म्हणेन, याची तालीम मी आरशासमोर दोनदा केली होती. स्टेजवर गेले तेव्हा तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहून गोड हसून ‘जेवून जा हं’ म्हटले, आणि छायाचित्रकाराने मला ‘मावशी, जरा डावीकडे’ असे सांगून पडद्याबाहेर ढकलले.

काल संध्याकाळी वहिनीचा फोन आला. गर्दीत नीट बोलणेच झाले नाही, मठ्ठा आवडला का, व्याही मंडळी किती साधी आहेत, असे सगळे झाल्यावर ती घुटमळली. “ताई, एक विचारू? रागावू नका. हिशेब जुळत नाहीये. सगळी पाकिटं दोनदा मोजली. पाचशे एक कमी येतायत. ते सत्तेचाळीस नंबरचं तेवढं आत काही निघत नाहीये.”

“त्यात काही नव्हतंच गं.”

“वहीत लिहिलंय ना पण. रोख पाचशे एक. काकांच्या अक्षरात. ते तर जेवेनासे झालेत. म्हणतात, अडतीस वर्षांत कॅश कधी कमी आली नाही, मीच भरून देतो खिशातून.”

तेव्हा तो आडवा धरलेला हात मला आठवला. त्या सद्गृहस्थाने माझ्या माहेरची अब्रू आपल्या अक्षरात झाकली होती, आणि आता मी खरे बोलले तर ते खोटे ठरणार होते.

“पडले असतील गं कुठेतरी,” मी म्हटले. “पाकीट जरा सैल होतं. मी पाठवते.” मग राहवले नाही म्हणून विचारले, “आणि ते पत्र?”

“कुठलं पत्र?”

“त्यातलं. मुंडावळ्या असलेलं.”

“अहो, ते होय! आहे ना. सगळी रिकामी पाकिटं रबर लावून कपाटात ठेवलीत. चांगलं जाड आहे ते. काकांच्या नातवाची मुंज आहे ना पुढच्या महिन्यात, त्याला घालून द्यायला होईल.”

मी मोबाइलवरून ५०१ रुपये पाठवले. खाली शेरा लिहायला जागा होती. तिथे ‘अंतरपाट’ असे लिहिले.