हँक विल्यम्सचं गाणं, कॅसँड्रा विल्सनचं

मराठी वाहिनीवर गाण्यांची स्पर्धा सुरू झाली की इथे न्यू जर्सीतल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही पुण्या-मुंबईतलाच वाद रंगतो. कुणी जुन्या भावगीताची लय जरा उतरवली, एखादी जागा वेगळी घेतली, की ‘चालीची वाट लावली’. जी हुबेहूब गाते तिला डोक्यावर घ्यायचं.

अशा वेळी मी कॅसँड्रा विल्सन लावते. मिसिसिपीतल्या जॅक्सनची ही कृष्णवर्णीय गायिका जॅझची, आवाज खर्जातला, सावकाश. पण १९९७ साली ग्रॅमी मिळालेल्या तिच्या ‘न्यू मून डॉटर’ या अल्बममधली गाणी बघा. बिली हॉलिडेने १९३९ मध्ये अजरामर केलेलं ‘स्ट्रेंज फ्रूट’, सन हाउस या जुन्या गायकाचा ब्लूज, यूटू हा रॉक बँड आणि रॉक गायक नील यंग यांची गाणी, शिवाय अलाबामाच्या हँक विल्यम्सचं १९४९ चं कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाचं गाणं. त्याच्या या रडव्या गाण्यातलं रडणं विल्सन काढूनच टाकते. उरतो तो एकटेपणा, आणि तो जास्त बोचतो. ‘लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल’ हे तर मंकीज या पोरांच्या बँडचं १९६६ मधलं उड्या मारायला लावणारं गाणं. विल्सनने ते इतकं संथ केलंय की ‘स्टेशनवर ये, मी परत येईन की नाही ठाऊक नाही’ हा त्यातला निरोप पहिल्यांदा नीट ऐकू येतो. शब्द तेच, सुरावट ओळखू येते. अर्थ मात्र गाणारीने शोधलेला.

हे आपल्याला परकं आहे असंही नाही. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमात बालगंधर्वांची गाणी गाताना कुमार गंधर्वांनी नक्कल केली नव्हती, आणि बालगंधर्वांवर त्यांचं प्रेम कमी होतं असं कोण म्हणेल? मग हे स्वातंत्र्य कुमारांना आहे, तर स्पर्धेत गाणाऱ्या नाशिकच्या वीस वर्षांच्या मुलीला का नाही? ‘आधी तेवढी तयारी हवी’ हे उत्तर मला निम्मंच पटतं. विल्सनचीही सगळी गाणी जमलेली नाहीत. काही नुसतीच झोपाळू आहेत. पण तिला ‘मुळासारखं का नाही’ असं इथे फारसं कुणी विचारत नाही. जमलं की नाही, एवढंच विचारतात.

एका बाबतीत मात्र तक्रार रास्त ठरेल: मूळ रचनाकाराचं श्रेय. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करायला रचनाकाराची वेगळी परवानगी लागत नाही, पण कायद्याने ठरलेली रॉयल्टी द्यावी लागते. चालीचा गाभाही बदलता येत नाही. भारतात कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने नियम आणखी कडक केले: मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबायचं, पैसे द्यायचे, आणि तांत्रिक गरजेपलीकडचा बदल संमतीशिवाय नाही. म्हणजे कायदाही जरा हुबेहूबवाल्यांच्याच बाजूचा! पण संगीतकाराचं नावसुद्धा न सांगता त्याचं गाणं गाण्याबद्दल आमच्या ग्रुपवर कधी भांडण झालेलं मी पाहिलेलं नाही. भांडण होतं ते गाताना घेतलेल्या एखाद्या हरकतीवरून.

वाहिन्यांनी एक फेरी अशी ठेवावी, जिथे हुबेहूब गाणाऱ्याचे गुण कापले जातील.