‘विमान उडवायला पण क्लास लावायचा का?’ – विश्रामबागकर, घ्या उत्तर

विश्रामबागकर दादा, नमस्कार. तुमची कमेंट रात्री साडेअकराला आली, ती वाचून मी चिडून झोपलो, सकाळी चहा घेताना परत वाचली तर निम्मी पटली, म्हणून आज जरा निवांत बसून लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आरसी विमानाचं (रिमोटवर उडणारं छोटं विमान) पहिलं उड्डाण एकट्यानं करू नका, शेजारी शिकवणारा माणूस असू दे. त्यावर दादांचं म्हणणं असं, की हे पुण्या-मुंबईच्या क्लबवाल्यांचे चोचले आहेत, सांगलीत कुठला आलाय इन्स्ट्रक्टर, मी यूट्यूब बघून सनपॅकचं (जाहिरातीच्या बोर्डाचा पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा) विमान बनवलं, चार महिन्यात तीन फोडली आणि शिकलो, राईट बंधूंना कुणी शिकवलं होतं, नदीत पोहायला शिकलो तेव्हा कुणी क्लास लावला होता का, आणि तुमच्यासारखे लोक पोरांना उगाच घाबरवून ठेवतात.

घाबरवतो हे मान्य. त्याच्यावर येतो खाली.

आधी पोहण्याचं घेतो, कारण ते वाचून मला हसूच आलं. मी पण कृष्णेतच शिकलो, हरिपूरच्या बाजूला. मामानं पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि ढकलून दिलं. पण मामा स्वतः कुठं होता? छातीएवढ्या पाण्यात, माझ्यापासून दोन हातावर. नाकातोंडात पाणी जाऊ दिलं, रडू दिलं, पण बुडू दिलं नाही, आणि चार-पाच दिवसांनी मला न सांगता डब्याची दोरी सोडली, ते मला पलीकडं गेल्यावर कळलं. आता तुम्हाला कुणी ढकललं ते आठवा. तो इन्स्ट्रक्टर होता दादा, फक्त त्यानं फी घेतली नाही आणि शिव्या दिल्या.

विमानात हे काम बडी केबल करते. दोन ट्रान्समीटर (म्हणजे रिमोट) वायरनं जोडायचे (आता बिनवायरचं पण येतं), एक शिकणाऱ्याच्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या. शिकवणाऱ्यानं ट्रेनर स्विच दाबून धरला तोवर विमान तुमचं, सोडला की त्याच क्षणी त्याचं. एवढंच. तोंडी सल्ला देणारा माणूस मी म्हणतच नाहीये, तोंडी सल्ला यूट्यूबवर ढिगानं आहे आणि बरेचदा चांगला पण आहे. पण ‘अरे डावीकडं, डावीकडं’ असं कुणी ओरडून सांगेपर्यंत विमान ढेकळात गेलेलं असतं. तुमची चूक आणि जमीन यांच्यामध्ये सेकंद-दीड सेकंद असतो, त्यात दुसऱ्याचे अंगठे पाहिजेत.

राईट बंधूंचं म्हणाल तर त्यांना शिकवायला कुणी नव्हतं हे खरंच, पण मग त्यांनी काय केलं ते पण बघा. इंजिनवालं विमान उडवलं १९०३ ला, त्याच्या आधी १९०२ साली ग्लायडरवर (बिनइंजिनचं विमान) त्यांनी सातशे ते हजार उड्डाणं केली, वाळूवर, खच्चून वारा अंगावर घेत, जमिनीपासून थोड्याशा उंचीवर. आणि एवढं करून इंजिन लावल्यावर १४ डिसेंबरला विल्बरनं काय केलं? नाक जास्त वर उचललं, साडेतीन सेकंदात विमान स्टॉल होऊन (वेग कमी पडला की पंख उचलायचे थांबतात, ते) खाली आलं आणि मोडलं. म्हणजे आपण सगळे पहिल्या दिवशी करतो तेच. मग तीन दिवस दुरुस्ती, आणि १७ तारखेला ऑर्विलचं ते बारा सेकंदाचं प्रसिद्ध उड्डाण. त्यांच्या आधीचा जर्मनीतला ग्लायडरवाला लिलिएंथाल, त्याची तर दोन हजाराच्या आसपास उड्डाणं झाली होती, तो १८९६ ला ग्लायडर कोसळूनच गेला.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नाही बहुतेक. राईट बंधू स्वतः पंखावर पालथे पडून उडायचे, त्यांचं डावं ते विमानाचं डावं. आपलं तसं नाही ना! आपण उभे खाली, विमान वर. ते आपल्यापासून लांब चाललंय तोवर सगळं छान, वळून आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं. आपल्या डाव्या हाताकडचा पंख खाली जाताना दिसला की माणूस रिमोटची स्टिक उजवीकडं मारतो, पंख अजून खाली जातो, मग अजून जोरात मारतो आणि खेळ खलास. खरं विमान चालवणारे पायलट पण आरसीला पहिल्या दिवशी इथंच अडखळतात. यावर तोडगा सोपा आहे, विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू त्या पंखाखाली काठी टेकवतोय. वाचायला पाच सेकंद लागतात. पण अंगठ्यात उतरायला मला सहा रविवार लागले, शेजारी माणूस असून.

आता माझं सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की हा आयता क्लबात शिकलाय. मी पण सुरुवात एकट्यानंच केली, बुधगावच्या पुढं एका ऊस तुटलेल्या रानात, मालकाला विचारून. माझ्याकडं वही आहे, त्यात प्रत्येक उड्डाणाची वेळ लिहिलेली. पहिली नऊ उड्डाणं, दोन महिने, सगळ्यात मोठं चाळीस सेकंदाचं, सगळ्यात छोटं म्हणजे हातातून सुटलं ते थेट जमिनीत. नऊच्या नऊ मिळून अडीच मिनिटं पण भरत नाहीत! त्या दोन महिन्यात मी काय शिकलो तर ग्लू गन चालवायला शिकलो, वाकलेला मोटरचा शाफ्ट ओळखायला शिकलो, सर्वोचे (पंख-शेपटीच्या फळ्या हलवणारी छोटी मोटर) दात तुटल्यावर कसला आवाज येतो ते शिकलो. उडवायला नाही शिकलो, कारण विमान हवेत होतंच कुठं? मग साताऱ्याकडच्या एका काकांचा पत्ता लागला, हवाईदलातून रिटायर, पायलट नव्हे, खाली विमानं दुरुस्त करणाऱ्यांपैकी. त्यांच्याकडं एसटीनं गेलो, इस्लामपूर-कऱ्हाड करत, पंख काढून चादरीत गुंडाळलेले, कंडक्टर म्हणाला हे काय, मी म्हणालो विमान, तो म्हणाला मग बसनं कशाला चाललाय.

पहिल्याच रविवारी काकांनी तीन बॅटऱ्या उडवू दिल्या, प्रत्येकी आठ मिनिटं. चोवीस मिनिटं. माझ्या दोन महिन्यांच्या जवळजवळ दहापट, एका सकाळी, आणि विमान जसं नेलं तसं परत. त्या चोवीस मिनिटात काकांनी स्विच किती वेळा सोडला म्हणता? वीसेक वेळा तरी. म्हणजे एकटा असतो तर वीस वेळा ढेकळात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे दादा, इन्स्ट्रक्टर विमान वाचवतो हे दुय्यम आहे, तो तुमचा हवेतला वेळ वाचवतो.

काका बोलायचे पण कमी. ‘अर्धं’ म्हणायचे, म्हणजे स्टिक जेवढी मारतोयस त्याच्या निम्मी मार. आणि ‘सोड’. उंच पंखाचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान असतं ना, पंख जरा वरच्या बाजूला व्ही सारखे उचललेले, ते पुरेशी उंची असेल तर स्टिक सोडल्यावर आपलं आपण बरंचसं सरळ होतं. नवशिक्याची निम्मी विमानं विमानामुळं पडत नाहीत, अंगठ्यामुळं पडतात. हे मला एकट्याला कधी कळलं नसतं, कारण विमान पडत असताना हात काढून घ्यायचा हे कुणाच्या मनात येईल?

अजून एक, वाऱ्याचं. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना विमान जमिनीवरून बघणाऱ्याला हळू दिसतं, वाऱ्याबरोबर वळलं की सुसाट. आपल्याला वाटतं फार पळतंय, म्हणून थ्रॉटल (मोटरचा जोर) कमी करून नाक वर घेतो, आणि पंखावरनं जाणारी हवा मुळात तेवढीच होती, ती आता कमी झाली, स्टॉल. मी दोनदा असंच पाडलं आणि दोन्ही वेळा मोटरला दोष दिला, आठवडाभर मोटर बदलायचा विचार करत होतो! काकांनी नुसतं विचारलं, तेव्हा वारा कुठल्या बाजूनं होता.

आता तुमचं जे पटलं ते.

सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सराव. तुम्ही म्हणता वीस तास सिम्युलेटर केला, तर ते उत्तमच, माझ्या लेखात ते एका ओळीत उरकलं ही माझी चूक. समोरून येणाऱ्या विमानाची सवय फुकटात लावायची दुसरी जागा नाही, आणि पिकासिमसारखं फुकट सिम्युलेटर पण आहे. फक्त खरा रिमोट जोडून करा, कीबोर्डवर केलेलं अंगठ्याच्या कामाचं नाही.

जायरो, म्हणजे विमान कललं की आपोआप सावरणारं यंत्र. इथं निम्मं पटतं. स्टिक सोडली की पंख सरळ करून देतो, भारी आहे. पण जायरोला हे माहीत नसतं की विमान दोनशे मीटर लांब गेलंय आणि तुम्हाला आता नुसता काळा ठिपका दिसतोय, येतोय का जातोय कळत नाही. तो ठिपका सरळ पंखांनी नीट मिरजेकडं जाईल. आणि उडवायच्या आधी हातात धरून विमान तिरकं करून बघितलं का, की जायरो पंख-शेपटीच्या फळ्या योग्य बाजूला हलवतोय? उलटा बसला असेल तर तो तुम्हाला मदत करणार नाही, लोळवणार. हे खोक्यावरच्या कागदात असतं, पण कागद कोण वाचतो.

आणि शिकवणारे सगळेच काकांसारखे नसतात हे तुम्ही लिहिलंय ते तर शंभर टक्के. एका मोठ्या शहरात मी एकाकडं दोन वेळा गेलो, त्यानं स्विच जवळजवळ दाबलाच नाही, विमान स्वतःच उडवत राहिला आणि मी शेजारी बंद रिमोट घेऊन उभा, वर माझ्या सनपॅकच्या विमानाला हसला. असल्यापेक्षा एकटं बरं. काकांकडं पण मी एक चूक केली, केबल गरजेपेक्षा जास्त दिवस लावून ठेवली. पहिल्यांदा बिनकेबलचं उडवलं तेव्हा हात इतके थरथरत होते की लँडिंगला तीन वेळा आलो आणि तीन वेळा पुढं गेलो. डबा पण वेळेत सोडायला लागतो.

आता घाबरवण्याचं. एक किलोचं विमान, ताशी ५४ किलोमीटर, फार नाही, साधं ट्रेनर एवढं पळतं. ते माणसाला धडकलं तर साधारण साडेअकरा मीटरवरून म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून साखरेची किलोची पिशवी डोक्यात टाकल्यासारखं आहे, आणि पिशवीच्या पुढं पंखा फिरतोय. तुमचं विमान फुटलं तर मला वाईट वाटेल, बास. पण आपल्याकडं विमान बाहेर काढलं की दहा मिनिटात वीस पोरं जमतात आणि ती नेमकी तुमच्या समोर, विमान जिथं उतरणार तिथं उभी राहतात. तुमचे डोळे वर आहेत, त्या पोरांकडं कोण बघणार? म्हणून म्हणतो माणूस पाहिजे. तुमच्या कमेंटमध्ये तीन विमानं कुठं पडली ते नाहीये. रानात पडली असतील तर नशीब समजा.

मग सांगलीत ज्याला कुणीच मिळत नाही त्यानं काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि त्याला मी बगल दिली होती हे कबूल. माझ्या मते एकदा-दोनदा तरी केबलवाला माणूस गाठावा, एसटीचे तीन तास लागले तरी, पुढचं एकट्यानं जमतं. तेही जमत नसेल तर निदान एक मित्र न्यावा, उडवता न येणारा चालेल, त्यानं पोरं आवरायची आणि विमान हातातून सोडायचं. सकाळी सात-साडेसातच्या आत उरकायचं, ऊन चढलं की वारा उठतो. सीजी (विमानाचा तोल जिथं साधतो तो बिंदू) तपासल्याशिवाय उडवायचं नाही, पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश भागावर बोटांवर तोललं पाहिजे. नाक थोडं जड असेल तर विमान कंटाळवाणं उडतं, शेपूट जड असेल तर एकदाच उडतं. तीन चुका करता येतील एवढ्या उंचीवर जायचं आणि तिथंच वळणं शिकायची, खाली येऊन शायनिंग मारायची नाही. डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर आपली जागा ग्रीन झोनमध्ये (वेगळी परवानगी न घेता उडवता येतं तो भाग) आहे का ते बघायचं, असेल तरी ४०० फुटांच्या वर नाही.

आणि उसात पडलं तर (पडणारच) नजर हलवायची नाही, पलीकडचं एखादं झाड, खांब धरून सरळ रेषेत आत शिरायचं, थ्रॉटलला हात न लावता रिमोटची दुसरी स्टिक हलवत राहायची, सर्वोची चीं चीं ऐकू येते. अंगभर शर्ट घाला, पाल्यानं हात कापतात. माझं एक विमान आत पडलं होतं ते तोडणीच्या टोळीतल्या पोरानं तीन महिन्यांनी आणून दिलं, पंखावर मुंग्यांचं वारूळ.

शेवटचं विचारतो, खवचटपणे नाही. तुम्ही चार महिन्यात शिकलात, पण उजवीकडं वळता का? मी एकट्यानं शिकत होतो तेव्हा फक्त डावीकडंच वळायचो, आणि माझ्या ते लक्षातच नव्हतं, काकांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले तुझं विमान घाण्याचा बैल आहे काय. पुढच्या वेळी सगळी वळणं उजवी घेऊन बघा आणि काय झालं ते इथं लिहा.

किंवा सरळ या की रविवारी, बुधगावच्या त्याच रानात, साडेसहाला मी तिथं असतो, ऊस तुटलाय. केबल माझ्याकडं आहे. फक्त तुमचा रिमोट कुठला आणि मागचं सॉकेट गोल आहे का चौकोनी ते आधी कळवा, गोल पण वेगवेगळ्या प्रकारची असतात आणि माझ्याकडं एकच आहे.