ऑपरेशनआधी हाडं तपासायची म्हणजे बिल फुगवायचा धंदा?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, सांगली-मिरजेच्या अजून तीन ग्रुपवर पण तोच आलाय. म्हणे मणक्याच्या ऑपरेशनआधी डेक्सा स्कॅन (हाडाची घनता मोजायची तपासणी) सांगतात तो निव्वळ धंदा, रक्तात कॅल्शियम बरोबर आहे, एमआरआय झालाय, हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार आहे, आणि हाड ठिसूळ निघालं तरी ऑपरेशन करावंच लागतंय की. आता बिल फुगवणारे नसतातच असं मी म्हणणार नाही, पण हा मेसेज लिहिणाऱ्यानं सगळंच उलटं धरलंय.

कॅल्शियमचं आधी. रक्तातलं कॅल्शियम शरीर काहीही करून जागेवर ठेवतं, कमी पडलं की हाडातनं काढतं, म्हणजे खिशात नोटा दिसतायत पण त्या एफडी मोडून आणलेल्या. ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारात, बहुतेकदा हा रिपोर्ट नॉर्मलच येतो.

एमआरआय नस कुठं दबलीय ते दाखवतो, हाडाच्या घनतेचा आकडा देत नाही. साध्या एक्स-रेत तर साधारण 30 टक्के हाड गेल्याशिवाय फरक कळत नाही. पण सीटी आधीच काढलेला असेल तर त्याच्यावरच कमरेच्या पहिल्या मणक्याची घनता मोजता येते, जादा पैसे नाहीत, आकडा 110 हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीवर घनता मोजायचं माप) खाली असला तर संशय घ्यायचा. हे डॉक्टरला विचारायला कुणाला सुचत नाही. आणि डेक्सात टी-स्कोअर (तरुण निरोगी माणसाच्या हाडाशी तुलना करून येणारा आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हे खरं, पण झिजलेल्या मणक्याला हाडाचे काटे आलेले असतात, त्यानं कमरेचा आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून खुब्याचा आणि गरज पडली तर मनगटाचा पण बघायचा. (शिबिरात टाच मशीनमध्ये घालून चिठ्ठी देतात त्यावर विसंबू नका.)

बायकांचा आजार? पाळी गेल्यावर बायकांना जास्त होतो, बरोबर. पण सत्तरीतला माणूस, दम्यासाठी नाहीतर सांध्यांसाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेतलेला, विडी-दारूवाला, हे सगळे त्याच रांगेत. जन्मभर शेतात राबलाय म्हणून सूट मिळत नाही.

आता तो शेवटचा मुद्दा, करावंच लागतंय की. तासगावकडं द्राक्षाची बाग असलेल्याला विचारा, कडेचा डांब भुसभुशीत जमिनीत रोवला आणि तारेचा ताण आला की काय होतं. लोखंड भारी असून उपयोग नाही, माती धरत नाही. मणक्यातला टायटॅनियमचा स्क्रू तसाच ढिला होतो, दोन मणक्यांच्या मध्ये बसवलेला केज (आधाराचा ठोकळा) हाडात रुततो, हाड जुळत नाही, वरचा मणका दबतो. आधी कळलं तर सर्जनला बेत बदलता येतो, स्क्रूभोवती सिमेंट भरायचं, जास्त मणक्यांना आधार द्यायचा, व्हिटॅमिन डी भरून काढायचं, आणि थांबता येत असेल तर टेरीपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन काही महिने आधीपासून सुरू करून पुढं चालू ठेवायचं, ते नवीन हाड तयार करतं. लघवी अडकली, पायातली ताकद चाललीय, तर मात्र थांबायचं नाही, तिथं मेसेजवाला बरोबर आहे. आणि तिशीतल्या पोराची नुसती डिस्क काढायचीय, स्क्रू नाहीत, दुसरा काही आजार नाही, तर त्याला पण डेक्साची गरज नसते बहुतेक.

आमच्या आत्याचं वय 67, दम्याच्या गोळ्या कित्येक वर्षं, चार स्क्रू बसवले, हाडं कुणीच तपासली नाहीत, आम्ही पण विचारलं नाही. सात महिन्यांत दोन ढिले झाले. डेक्सा झाला तो दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी.

आणि गंमत बघा, मेसेज टाकणाऱ्या काकांचंच पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, वय 72. काल फोन केला तर आधी चिडले, मग म्हणाले सीटी काढलाय रे, सीडी कुठंतरी कपाटात आहे. आता काकू शोधतायत.