आळीवर छप्पर घाला, बाजार आपोआप फुलेल

तुमच्या शहरातली बाजारपेठ मरगळलीय? गिऱ्हाईक हायवेकडच्या मोठ्या दुकानांत पळतंय? मग मारुतीच्या देवळापासून एसटी स्टँडपर्यंत अख्ख्या आळीवर छप्पर घाला आणि त्याला ‘गॅलरिया’ म्हणा. शेड म्हणालात तर निधी मिळायचा नाही.

आधी अभ्यासदौरा. मिलानला जा. तिथली काचेच्या घुमटाची गॅलरिया 1867 साली राजाच्या हस्ते खुली झाली आणि आजही गजबजलेली आहे. घुमटाखाली सपत्नीक फोटो काढा. तिचा वास्तुकार मेंगोनी 1877 च्या डिसेंबरात, काम संपता संपता, तिथल्याच परांचीवरून पडून गेला, हे अहवालात नको, ठेकेदार बिचकतात. तिथे वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस आणि आपल्या रत्नागिरीत 3000 च्या वर, हेही गाळा.

पत्रा पॉलिकार्बोनेटचाच घ्या, निळा. खाऱ्या वाऱ्याने बोल्टांना गंजाचे पोपडे सुटतील, एप्रिलात खाली भट्टी होईल, वरून वानरं उड्या मारतील. किरकोळ आहे सगळं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरकडचे पत्रे आणि कौलं उडवली, पोफळी आडव्या केल्या. म्हणून टेंडरात ‘वादळरोधक’ एवढं मात्र घाला. वादळं टेंडर वाचूनच येतात.

पाणी फक्त वरून येतं, यावर ठाम राहा. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या पेठेत वाशिष्ठी शिरली ती काही छपरातून नव्हे. मुसळधार पाऊस आणि भरती यांची गाठ पडली की गटार उलटं वाहतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण गटार उपसताना फीत कापता येत नाही. त्यापेक्षा गटारावरच चकचकीत फरशी बसवा.

आता खरं काम. रस्त्याकडेच्या बायका. गोणपाटावर आमसुलं, कुळीथ, आगोटीच्या दिवसांत सुके बांगडे आणि सोडे. मापट्यावर मूठभर वर टाकून ‘घे गो बाय, वायच चढ घातलंय’ म्हणणाऱ्या. लोक पेठेत येतात ते यांच्यासाठी, आणि येता-जाता कापडवाल्याकडे, भांडीवाल्याकडे डोकावतात. पण गॅलरियात सोड्यांचा वास? छे! 2014 चा कायदा म्हणतो, सर्वेक्षणाआधी फेरीवाल्यांना हटवू नका. पहाटे जेसीबी न्या, मग सर्वेक्षणाला कोणी उरतच नाही. त्यांना नव्या मंडईत पहिल्या मजल्यावर ओटे द्या. जिना उभा असू दे, गुडघ्यांना व्यायाम. गाळ्यांचं डिपॉझिट असं ठेवा की स्थानिक दुकानदाराला घाम फुटावा. त्यासाठी वर पंखे आहेतच.

वर्षभरात गॅलरियात कुत्री निवांत झोपलेली दिसतील. बायका हायवेच्या पुलाखाली बसलेल्या असतील आणि गिऱ्हाईक त्यांच्याभोवती. डगमगू नका. पुलाखाली छप्पर आयतंच आहे. तिथे फलक लावा, ‘गॅलरिया, टप्पा 2’, आणि वाढीव खर्चाचा प्रस्ताव धाडा.