दोष एकट्या इंजेक्शन पंपाचा नाही

१९९८च्या मध्यापासून २००२पर्यंतच्या डॉज रॅम या अमेरिकी पिकअप ट्रकमधील ५.९ लिटर कमिन्स इंजिनाच्या बिघाडांचे सारे खापर तुमच्या लेखात बॉशच्या व्हीपी४४ या, इंजिनात डिझेल दाबाने सोडणाऱ्या इंजेक्शन पंपावर फोडले आहे, ते मला अर्धवट वाटते. या पंपाचे वंगण आणि थंडावा त्यातून वाहणाऱ्या डिझेलवरच अवलंबून असल्यामुळे, टाकीतून डिझेल ओढणारा लहानसा विद्युत पंप मंदावला की हा महागडा पंप आतून झिजू लागतो आणि चालकाला बऱ्याचदा गाडी बंद पडेपर्यंत पत्ताही लागत नाही. असा जुना ट्रक घेणाऱ्याने इंधनदाबाचा मीटर आधी बसवावा. यातल्या काही इंजिनांच्या, ब्राझीलमध्ये ओतलेल्या ५३ क्रमांकाच्या ब्लॉकला (म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याला) जाणारे तडे हा निराळाच प्रश्न आहे. त्यावर लेखात एक ओळही नाही.